शुद्ध हवेचे यंत्र

अन्न आपण पारखून घेतो, पाणी गाळून घेतो. परंतु श्वास मात्र जो समोर येईल तो घ्यावा लागतो. म्हणूनच हवा शुद्ध करण्याचे यंत्र निघाले, तेव्हा लोकांस ते हवेसे वाटले यात नवल नाही. २०२० च्या महामारीत तर अशा यंत्रांच्या जाहिरातींना पूर आला. या यंत्रांत मुख्यतः दोन जाती आहेत. एक पंख्याने हवा ओढून दाट गाळणीतून सोडते. दुसरी काही गाळीत नाही. ती ‘ओझोन’ नावाचा वायू निर्माण करून खोलीत सोडते. या दुसरीविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि शब्दांची व्युत्पत्ती पाहण्याची खोड आम्हांस आहे. शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञास स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पाण्यातून वीज सोडताना एक तीव्र वास आला. १८४० साली त्याने त्या वायूस ओझोन हे नाव दिले. ग्रीक भाषेत या शब्दाचे मूळ ‘वास येणे’ असे आहे. पुढे युरोपात समज पसरला की, समुद्राची हवा आरोग्यदायी असते ती तिच्यातील ओझोनमुळे. आमची मातृभाषा कोंकणी असल्याने समुद्राच्या वासाविषयी आम्हांस थोडे ममत्व आहे. पण तो वास ओझोनचा नव्हे. बहुतांशी समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूचा तो आहे. वास ताजा आला की हवा शुद्ध झाली, हा भ्रम असा फार जुना आहे.

विद्यार्थिमित्रहो, पृथ्वीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरील ओझोनचा थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. मग तोच वायू घरात वैरी कसा ठरतो? साध्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू स्वस्थ बसत नाही. समोर येईल त्या पदार्थाशी तो संयोग पावतो. याच गुणामुळे ओझोन जंतू मारतो, आणि फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी त्याने शुद्ध करण्यात येऊ लागले. परंतु जंतूचे आवरण जाळणारा हा वायू आपल्या फुप्फुसाचे नाजूक अस्तर ओळखून सोडीत नाही. घसा खवखवतो, खोकला येतो, छाती आवळते. आणि ज्यास दमा आहे त्याचा दमा बळावतो.

येथे जनवाड्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीस दमा आहे. तुरीच्या राशीचे दिवस आले की धुळीने त्या हैराण होतात. नातेवाइकांनी मोठ्या प्रेमाने शहरातून एक यंत्र आणून त्यांच्या उशाशी लावले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा खोलीस वीज कडाडल्यानंतर येतो तसा वास येत होता, आणि आजी रात्रभर उठून बसत होत्या. “गुरुजी, वास तर किती छान येतो, पण छाती भरून येते बघा,” असे त्या म्हणाल्या. यंत्राबरोबरची पुस्तिका इंग्रजीत होती. घरात ती कोणी वाचली नव्हती. तीत बारीक अक्षरांत लिहिले होते : ओझोन, ताशी ५० मिलिग्रॅम.

आम्ही त्या मुलास तेथेच गणित घातले. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे बाहेरच्या हवेतही आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमहून अधिक ओझोन असू नये. त्या हिशेबाने साऱ्या खोलीत ३.४ मिलिग्रॅम भरतो; आणि तितका तर हे यंत्र चार मिनिटांत ओतते! काही ओझोन भिंतींवर व कपड्यांवर नाश पावतो हे खरे; पण बंद खोलीत रात्रभर चालणाऱ्या यंत्रापुढे ती घट पुरत नाही. बरे, प्रमाण कमी ठेवावे, तर तेवढ्याने जंतू मरत नाहीत, आणि धूळ तर कोणत्याच प्रमाणात नाहीशी होत नाही. उलट लिंबाच्या वासाच्या फरशीपुसणीतील द्रव्यांशी ओझोनचा संयोग होऊन फॉर्मल्डिहाइडसारखे नवे विष तयार होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० पासून घरगुती यंत्रांच्या ओझोनवर कायद्याने मर्यादा घातली, ती याचसाठी.

यंत्र त्याच दिवशी बंद झाले. दमा काही गेला नाही, डॉक्टरांचे औषध चालूच आहे. पण रात्रीचे उठून बसणे कमी झाले. आता राशीच्या दिवसांत त्या बाजूची खिडकी लावतात, दुसरी उघडी ठेवतात, आणि खोली ओल्या फडक्याने पुसतात. आपल्या माळवदाच्या जुन्या घरांना धूर जाण्यासाठी छतात झरोका ठेवीत, त्यामागेही हेच शहाणपण होते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी इंग्रजी छापील कागद वाचू शकणारे पहिले माणूस आपणच आहात. घरात असे यंत्र आले, तर पुस्तिका उघडून त्यात ओझोन हा शब्द आहे काय ते पाहा, आणि असल्यास वडीलधाऱ्यांस नम्रपणे पण स्पष्टपणे सांगा. शाळेत शिकलेल्या अक्षरांचा आजीच्या श्वासास उपयोग झाला, तर आम्हां शिक्षकांस आणखी काय हवे?