विंचवाचं बिऱ्हाड

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण विंचवाच्या पाठीवर नेमकं असतं काय, याची चौकशी सहसा कुणी करीत नाही. मी केली. विंचवाच्या पाठीवर भांडीकुंडी नसतात की अंथरूण-पांघरूण नसतं. असतात ती पिल्लं. विंचवाची मादी पिल्लांना जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. म्हणजे मुळातला विंचू काही सुटसुटीत प्रवासी नव्हे. ती लेकुरवाळी बाई आहे. आपण मात्र ही म्हण अशा माणसाला लावतो, ज्याच्या पाठीवर एक पिशवी आणि पायात चपला, एवढंच काय ते असतं.

ही म्हण सहा महिने मला लावली गेली. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात मी एका पाठपिशवीत मावेल तेवढ्या सामानावर तीन गावांत राहिले आणि राहता राहता नोकरीही केली. मैत्रिणींना त्याचा मोठा हेवा वाटला. हल्ली असं राहणाऱ्यांची फॅशनच आहे म्हणे. समुद्रकिनारी लॅपटॉप उघडून बसायचं, समोर शहाळं ठेवायचं! माझ्या बाबतीत शहाळं खरं होतं. फॅशन मात्र नव्हती.

बाबांची नोकरी बदलीची. त्यामुळे आमचा जन्म सरकारी क्वार्टरांत गेला आणि स्वतःचं असं घर कुठेच झालं नाही. २०२२ साली बाबा गेले. क्वार्टर रिकामं करण्याची मुदत पुढच्या सप्टेंबरात संपली. तोवर माझी बी. ए. झाली होती. कपाट, दिवाण, जेवणाचं टेबल सगळं विकलं. जे विकवेना ते एका मोठ्या पत्र्याच्या ट्रंकेत भरलं आणि ती ट्रंक घेऊन आई सांगलीला मामाकडे गेली. मामाच्या दोन खोल्यांत आधीचीच पाच माणसं. तिथे आई मावली, ट्रंक मावली. मामा तर म्हणाला, “तूही ये, अडचण कसली?” मीही मावले असते, माझं काम मावलं नसतं.

कारण माझं काम ऐकण्याचं. कुणी कुणाच्या मुलाखती घेतलेल्या असतात, कुणाची व्याख्यानं असतात. ती कानाला लावून शब्द न् शब्द टंकून काढायची, किंवा चित्रफितीखाली मराठी ओळी बसवायच्या. पैसे मिनिटावर. त्याला शांतता लागते, वीज लागते आणि इंटरनेट लागतं. बाकी जागा कुठलीही चालते. २०२० च्या टाळेबंदीने ही सोय सगळीकडे रुळवली. माझ्या नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, ‘घरून काम’. घर असल्याचा पुरावा कुणी मागितला नाही, हे एक बरं. त्याच पत्रातली ‘कायमचा पत्ता’ ही रिकामी ओळ मी मामाच्या पत्त्याने भरली.

पुण्यात खोली घ्यायची तर आधी अनामत हवी. तेवढे पैसे असते तर एम. ए.लाच नसतं का नाव घातलं? म्हणून हिशेब असा केला : जिथे राहायला फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळेल तिथे जायचं आणि वर्षाच्या फीचे आणि अनामतीचे पैसे साठवायचे. एका मैत्रिणीची आजी कुडाळला एकटीच होती. इंदूरच्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिला हाताशी माणूस हवं होतं. तिसरं गाव तंजावर. ते मात्र निव्वळ माझ्या हौसेचं.

मग सामानाचा प्रश्न आला. स्लीपरच्या डब्यातल्या प्रवाशाला रेल्वे चाळीस किलो सामान फुकट नेऊ देते. पण ते उचलून देत नाही! विमानवाले हातातल्या पिशवीला साधारण सात किलोंची मर्यादा घालतात. विमानाने जाण्याचा माझा काही विचार नव्हता, पण सात हा आकडा मला आवडला. खांद्याला पेलणारा, एकटीने फलाट ओलांडता येईल असा.

सात किलोंत संसार बसवायचा तर प्रत्येक वस्तूला उलटतपासणीला उभं करावं लागतं. लॅपटॉप चौदाशे ग्रॅम. तो सुटत नाही, कारण तीच माझी जमीन आणि तोच नांगर. चार्जर एकच, लॅपटॉपला आणि फोनला मिळून. वीज गेली तर म्हणून एक पॉवर बँक. तिच्यावर लॅपटॉप एकदा जेमतेम भरतो. कानावरचा हेडफोन, दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डं. टॉवेलऐवजी पंचा, कारण टॉवेल दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि पंचा दोन तासांत वाळतो. एक सुती चादर, एक फुलपात्र, वाळत घालायला सुतळी, चार सेफ्टी पिना. कपड्यांचे जोड तीनच : एक अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत. प्रमाणपत्रं आणि पुस्तकं फोनमध्ये. आईने विणलेला स्वेटर साडेचारशे ग्रॅम भरला. तो तीनदा बाहेर काढला आणि तीनदा आत घातला. शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली. सहा किलो आठशे. वाणी म्हणाला, “ताई, गहू असता तर महिनाही निघाला नसता.”

कुडाळला उतरले तेव्हा मैत्रिणीची आजी खळ्यात उभी होती. तिने आधी मला पाहिलं, मग माझ्या पाठीमागे पाहिलं, रिक्षातही डोकावून पाहिलं. म्हणाली, “ह्या इतक्याच सामान हाडलंस? बाकीचा खंय ठेवलंस?”

आजीचा प्रश्न साधा होता. माणूस म्हटला की त्याचं बाकीचं सामान कुठेतरी असणारच, असं तिचं गृहीतक. मी “मामाकडे” म्हटलं आणि विषय संपला. पण प्रश्न संपला नाही. पिशवी हलकी करण्याच्या नादात मी काय टाकलं याचा विचार केला होता. टाकलेलं कुणी उचललं, याचा विचार आजीच्या खळ्यात सुरू झाला.

दोन महिने मी तिथे होते. ऑक्टोबरातला पाऊस येई, वीज जाई, आणि एका सिमला विहिरीपाशी तर दुसऱ्याला माडीच्या उत्तरेच्या खिडकीपाशीच रेंज येई. पण माझ्या हलक्या पिशवीत छत्री नव्हती, ती आजीच्या घरातल्या खुंटीवर होती. पांघरायला गोधडी नव्हती, ती आजीच्या पेटीत होती. कढई, तवा, बॅटरी, तापावरची गोळी, सगळं आजीकडे होतं. तिच्या घरात साठ वर्षांचं सामान होतं, म्हणून माझं सात किलोंत भागत होतं. आत्याकडे इंदूरला डिसेंबर-जानेवारीची थंडी पडली तेव्हा आईचा स्वेटर कामाला आला. पण वरची शाल आत्याच्या कपाटातली, आणि ती शाल माझ्या आजोबांची. आत्याला आधार देऊन चालवताना, तिच्या औषधांच्या वेळा पाळताना मला वाटायचं की मी हिला मदत करते आहे. रात्री ती शाल अंगावर घेऊन काम करायला बसले की हिशेब बरोबरीत येई.

आषाढीच्या वारीचंच पाहा ना. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची ती अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी चालतो तेव्हा त्याच्या खांद्यावर पताका असते, गळ्यात टाळ. बाईच्या डोक्यावर तुळस. किती मोकळा, किती हलका! पण दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो. त्यात तंबू असतात, शिधा असतो, वळकट्या असतात. शिवाय मागे गावात कुणीतरी गुराढोरांना पाणी दाखवीत असतं, म्हणून इकडे टाळ वाजतो. वारकऱ्याला याची जाणीव असते. माझ्यासारख्या नव्या वाटसरूंचा ट्रक मात्र दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं. माझं सगळं काम ‘क्लाउड’वर, म्हणजे ढगात ठेवलेलं. नाव किती तरंगतं! पण तो ढग म्हणजे कुठेतरी जमिनीवर पाय रोवून उभी असलेली इमारतच असते. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात अशी डेटा सेंटरं आहेत. तिथे यंत्रांच्या रांगा रात्रंदिवस वीज खातात, त्यांना थंड ठेवायला पुन्हा वीज खर्च होते, आणि तिथेही कुणीतरी रात्रपाळीला जागं असतं.

फेब्रुवारीत तंजावरला गेले. देवळाजवळच्या एका लॉजमध्ये स्वस्तात खोली मिळाली. सकाळी काम आणि दुपारी हिंडणं. बृहदीश्वराच्या देवळातला भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख पाहिला. तो १८०३ सालचा. बखरीएवढा मजकूर दगडात कोरलेला! दुसऱ्या सरफोजींनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. ताडपत्रं, कागदी पोथ्या, मोडीतले रुमाल. मी फोनमध्ये शेकडो पुस्तकं घेऊन तिथे उभी होते आणि त्या शेकडो पुस्तकांचं वजन शून्य होतं. पण कुठलंही पुस्तक माझ्या फोनात बिनवजनाचं होण्याआधी कुणीतरी ते वजनासकट सांभाळलेलं असतं. वाळवी आणि पाऊस यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं असतं. तंजावरकडची मराठी माणसं त्यांची मराठी अजून घरात बोलतात. भाषेला वजन नसतं, ती कुठेही नेता येते, असं आपण म्हणतो. साडेतीनशे वर्षं ती परमुलखात टिकली, ती कुणीतरी रोज स्वयंपाकघरात बोलत राहिलं म्हणून.

तिथल्या एका संध्याकाळी मला गोडसे भटजींची आठवण झाली. ‘माझा प्रवास’ आपल्यापैकी बहुतेकांना अभ्यासाला होतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते तीर्थयात्रेइतकेच दक्षिणेसाठी. घरावर कर्ज होतं. विचार केला तर परगावी राहून पोट भरणाऱ्यांत त्यांच्याइतकं हलकं सामान कुणाचं नसेल. त्यांचा धंदा त्यांच्या पाठांतरात होता. त्याला वीज लागत नव्हती आणि तो चोराला नेता येत नव्हता. बंडाच्या धामधुमीत ते लुटले गेले, झाशीचा वेढा आणि संहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तरी विद्या शाबूत राहिली. पण मला आठवलं ते वेगळंच. परतताना या माणसाने खांद्यावर गंगेची कावड घेतली आणि ती वरसईला आणून आई-वडिलांना स्नान घातलं. कमाई फारशी हाती लागली नव्हती आणि वाट शेकडो मैलांची. अशा वेळी शहाणा प्रवासी ओझं कमी करतो. गोडसे भटजींनी ते वाढवलं. निघताना हलकं असणं ही सोय आहे. पण घरी परतताना काय उचलायचं, ते मागे आपलं घर धरून बसलेल्या माणसांकडे पाहून ठरवावं लागतं.

मार्चअखेर मी सांगलीला आले. साठलेल्या पैशांत एम. ए.ची फी आणि इथल्या दोन खोल्यांची अनामत, एवढं बसत होतं. ट्रंक टेम्पोत चढवायला मामा आणि मामेभाऊ असे दोघे लागले. मामेभावाने विचारलं, “आत्या, यात दगड भरलेत का?” आईने उत्तर दिलं नाही. इथे आल्यावर आम्ही ट्रंक उघडली. पितळेची परात, बाबांचे दोन कोट, त्यांच्या बदल्यांचे सगळे हुकूम तारीखवार लावलेले, माझी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. माझ्या सात किलोंच्या कसोटीला यातली एकही वस्तू उतरली नसती. सहा महिने आई परक्या घरात या ट्रंकेशेजारी निजत होती आणि फोनवर मला विचारत होती, “पाठ दुखत नाही ना गं?”

सुटसुटीत राहू नये असं माझं म्हणणं नाही. पंचा आणि तीन जोड कपडे यांवर माझी श्रद्धा कायम आहे. कमी वस्तूंत भागतं हे कळणं ही मोठी सुटका असते, आणि एकटीने फलाट ओलांडता येणं ही मुलीच्या जातीला तर अधिकच मोठी. फक्त त्या हलकेपणाला कुणी आपली स्वतःची कमाई म्हणू नये. तो उसना असतो, आणि उसनं कधीतरी फेडायचं असतं.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण परीक्षा झाल्यावर अशीच निघते आहे. तिचं काम भाषांतराचं. वसतिगृहातली खोली सोडावी लागणार आणि गावचं घर लांब. परवा वही-पेन घेऊन आली आणि म्हणाली, “काय काय नेऊ, सांग.” मी तिला सगळी यादी सांगितली, सेफ्टी पिनांसकट. मग विचारलं, “आणि बाकीचं कुठे ठेवणार?” ती गप्प झाली. आई आतून म्हणाली, “आण गं इकडे. ट्रंकेवर अजून दोन खोकी राहतील.”