उतरायला आमच्याकडेच या

"हैदराबादला येऊन लॉजवर उतरता? आमची अब्रू काढता काय?" हे मी नांदेड-लातूरकडच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं सुनावत आलो. आमचं घर मलकपेठेत, म्हणजे येणाऱ्याला अगदी वाटेवर. काचीगुड्याला गाडीतून उतरलं की रिक्षाने थोडकंच अंतर, एसटीने आलं तर महात्मा गांधी बसस्थानकावरून चादरघाट ओलांडायचा की झालं. मराठवाडा 1956 साली हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण दवाखाना, खरेदी, लग्नाचा बस्ता, नुमाइश (दरवर्षी भरणारं मोठं प्रदर्शन) यासाठी आमच्या लोकांची पावलं अजून इकडेच वळतात.

हॉटेल म्हणजे उधळपट्टी, हे माझं पक्कं मत. रात्री पाठ टेकायची, त्याला एवढे पैसे कशाला? आम्ही स्वतःही याच नियमाने फिरलो. पुण्याला मावसभाऊ, नागपूरला सासरवाडी, मुंबईत दादरला साडू. कोकण मात्र कित्येक वर्षं पाहिलंच नाही, कारण तिथे आमचं कुणी राहत नव्हतं! नात्यागोत्याचा नकाशा हाच आमच्या सुट्टीचा नकाशा.

हे मत सुटलं ते एका जानेवारीत. नुमाइश 1 जानेवारीला सुरू होते, तेव्हा आमच्याकडे पाहुण्यांचा हंगाम. घरात आठ-नऊ माणसं आणि नळाला पाणी एक दिवसाआड. पहाटे गीझरखाली बादल्यांची रांग, माळ्यावरून काढलेल्या गाद्या, सोफ्याच्या पाठीवर ओले टॉवेल, गॅसवर उपम्याचं मोठं पातेलं. दुसऱ्या रात्री जमिनीखालची पाण्याची टाकी कोरडी पडली आणि टँकर मागवावा लागला. बायकोने शाळेतून रजा घेतली होती. टँकरवाल्याचे पैसे देऊन ती आत आली आणि म्हणाली, "यांचे हॉटेलचे पैसे वाचले हे खरं, पण ते माझ्या रजेतून वाचले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग पाहुणे म्हणून आमचा किती खर्च होतो तेही मांडून पाहिलं. रिकाम्या हाताने कुणाकडे जाता येत नाही. उस्मानिया बिस्किटांचे डबे, वहिनीला साडी, निघताना मुलांच्या हातावर नोटा. त्यात साध्या खोलीचं भाडं सहज निघतं. शिवाय वेळ! यजमानाचा नाश्ता टाळता येत नाही, म्हणून सकाळची कामं अकराला सुरू होतात आणि चारमिनार भर उन्हात बघावा लागतो. पुण्यात तर पुतण्याचं बारावीचं वर्ष चालू असताना आम्ही सगळे कुजबुजत राहिलो होतो.

पुढच्या सुट्टीला नांदेडच्या चुलतभावाला मीच सांगितलं, "या वेळी खोली घ्या, जेवायला मात्र आमच्याकडे." फोनवर क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "दादा, खरंच चालेल ना? आम्हाला कधीपासून घ्यायचीच होती, तू चिडशील म्हणून बोललो नाही." इतकी वर्षं आग्रह मी करत होतो आणि संकोचात सगळे होते.

कंजूषपणा गेला असं मात्र समजू नका, तो फक्त दुसऱ्या कामाला लागला आहे. शहराबाहेरची स्वस्त खोली मी कुणाला घेऊ देत नाही. भाड्यात वाचलेलं कॅबमध्ये जातं, वर पोरं दमतात ती वेगळीच. 24 सप्टेंबर 2018 ला अमीरपेठ ते एल. बी. नगर मेट्रो सुरू झाली, त्यामुळे आमच्या बाजूला मुक्काम सोयीचा. मलकपेठहून पुढचं स्टेशन बसस्थानकाचं, तिथून सालारजंग संग्रहालय जवळ (शुक्रवारी बंद असतं, आमचे पाहुणे हटकून शुक्रवारीच निघतात). बसस्थानकाच्या पुढे दोन स्टेशनांवर गांधी भवन, नुमाइशच्या मैदानाला लागून.

ॲपवर भाव पाहिला तरी हॉटेलच्या काउंटरला एक फोन करायचाच. जादा गादीचे किती, मुलांचा नाश्ता धरलाय का, चौघांची एकच मोठी खोली आहे का. दोन छोट्या खोल्यांपेक्षा ती बहुधा परवडते. भावात कर धरलाय का हेही विचारायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तीन हजारांच्या खोलीला पूर्वी 360 रुपये कर पडायचा, आता 150. गाडी पहाटे पोहोचते आणि हॉटेल दुपारी बाराला खोली देतं, म्हणून लोक आदल्या रात्रीचंही भाडं भरतात. रेल्वेचा पीएनआर असेल आणि जागा असेल, तर स्टेशनावरची रिटायरिंग रूम बारा तासांसाठीही मिळते. आंघोळ उरकायची, सामान क्लोकरूममध्ये टाकायचं आणि सरळ फिरायला निघायचं.

आत्या मात्र या हिशेबात बसत नाही. ती अजूनही काचीगुड्याहून थेट घरी येते, पिशवीत धपाट्यांचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मागे एकदा हॉटेलचं नाव काढलं तर म्हणाली, "पैसे वर आलेत का रे तुला?" ती आली की बायको रजा घेत नाही. स्वयंपाकघराचा ताबा आत्याकडे जातो आणि आम्हा दोघांनाही तिथून हाकललं जातं.