कोबा, ओल आणि एपॉक्सी

दुचाकीच्या गॅरेजात मेकॅनिकचं निम्मं काम जमिनीवर बसूनच होतं. चाक खोलताना उकिडवं बसायचं, चेन आवळताना गुडघा टेकायचा, इंजिनाच्या बुडाशी बघायला सरळ आडवं व्हायचं. कोब्याची धूळ आणि त्यात मुरलेलं काळं ऑइल दिवसभर अंगाला लागत राहतं. हातातून निसटलेला बारीक सर्क्लिप त्या करड्या खडबडीत जमिनीवर सापडता सापडत नाही. फिकट राखी एपॉक्सीवर तो चटकन दिसतो आणि कोणत्या गाडीखाली ऑइल गळतंय तेही दिसतं. जमिनीवर बसून काम करणाऱ्यासाठी हा खर्च करावा, असं मला मनापासून वाटतं.

*

एपॉक्सी म्हणजे काय ते घरोघरी माहीत आहे, फक्त दुसऱ्या नावाने. अराल्डाइटच्या दोन ट्यूब म्हणजे एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने 1946 मध्ये ते बाजारात आणलं. जमिनीवरचा लेपही त्याच कुळातला. साध्या रंगासारखा तो नुसता वाळत नाही. दोन घटकांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. म्हणून डब्यावर लिहिलेलं प्रमाण मोडायचं नाही. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला, तर जादाचा हार्डनर जोडीदाराविना तसाच उरतो आणि लेप चिकट किंवा ठिसूळ राहतो.

*

जमिनीचा लेप निघाला की आधी ऑइलला दोष दिला जातो. पण आपल्याकडे माझा पहिला संशय पाण्यावर, आणि तेही खालून येणाऱ्या पाण्यावर.

गॅरेजची जमीन कशी होते ते पाहा. मुरमाची भर, त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर पीसीसी आणि वर घोटलेला कोबा. यात प्लास्टिकचा जाड कागद कुठेच नसतो. कोबा कितीही गुळगुळीत दिसला तरी आतून सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भर भिजते, ओल वर सरकते आणि कोब्यातून हवेत निघून जाते. उघड्या कोब्याचं त्याने काही बिघडत नाही. वर एपॉक्सी आलं की तिची वाट बंद होते. ती लेपाच्या खाली साठते, दाब धरते, सिमेंटातले क्षार सोबत आणते. मग फोड येतात. फोड फोडला तर आत पाणी असतं आणि लेपाच्या पाठीला पांढरट थर.

मार्चमध्ये ठणठणीत कोरडी असलेली जमीन जुलैतही कोरडी असेलच असं नाही. म्हणून ओल तपासायची श्रावणात आणि काम करायचं माघ-फाल्गुनात. मधले महिने वाया जात नाहीत, उपाय ठरवायला ते लागतातच.

*

तपासणी अगदी स्वस्त आहे. साधारण 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक, चारही कडांना घट्ट चिकटपट्टी, किमान 16 तास तसंच ठेवायचं. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडलेला असला तर ओल आहे. मागच्या भिंतीजवळ, वॉशिंगच्या जागेशेजारी, मधोमध असे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी लावावेत. एकाच कोरड्या कोपऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय ही तपासणी त्या दिवसापुरतं सांगते, म्हणून तर ऋतू महत्त्वाचा.

ओल निघाली तर रस्ते तीन. ओल अडवणारा खास प्रायमर. किंवा कोबा उखडून खाली प्लास्टिक घालून नवं काँक्रीट, आणि मग किमान 28 दिवस थांबणं. किंवा पॉलियुरेथेन-सिमेंटचा जाड लेप, जो डेअऱ्यांमध्ये घालतात आणि जो ओल पुष्कळ सहन करतो. चौथा रस्ता म्हणजे लेप न करणं, आणि तोही शहाणपणाचाच.

*

शहाबादीवर थेट एपॉक्सी करू नये. फरश्या हलतात, सांध्यातून ओल येते आणि प्रत्येक सांधा वर रेघ होऊन उमटतो.

*

घोटलेल्या कोब्याच्या अंगावर सिमेंटची पातळ, भुसभुशीत साय असते. मिस्त्रीने जितकं प्रेमाने घोटलं तितकी ती गुळगुळीत. एपॉक्सी तिला घट्ट धरतं, पण ती स्वतःच खालच्या काँक्रीटला धरून नसते. म्हणून लेप निघतो तेव्हा त्याच्या पाठीला सिमेंट चिकटून येतं. ती साय डायमंड ग्राइंडरने काढावी. ॲसिड ओतून जमीन खरखरीत करायची पद्धत मला पटत नाही. ओल घालवायची त्या जमिनीत आपणच पाणी मुरवायचं, आणि ऑइलवर ॲसिड चालतच नाही.

ग्राइंडरला व्हॅक्यूम हवाच. त्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा ग्राइंडर चालवताना दिसला तर काम थांबवून त्याला आधी योग्य मास्क द्यावा.

*

डिग्रीझरने घासल्यावर ऑइल गेलं का ते पाहायला जमिनीवर पाणी शिंपडायचं. पाणी पसरून मुरलं तर ठीक. थेंब गोळ्या होऊन उभे राहिले तर पुन्हा डिग्रीझर, पुन्हा घासणं. लिफ्टखाली ऑइल फार खोलवर मुरलेलं असेल तर तेवढा कोबा कापून नवा करावा.

*

दिवसाची वेळ. सकाळी ऊन चढतं तशी जमीन तापते, छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या लेपातून बुडबुडे वर येतात. संध्याकाळी जमीन निवत असते, तेव्हा उलट प्रायमर आत ओढला जातो. म्हणून प्रायमर उन्ह कलल्यावर.

बादलीत मिसळलेलं एपॉक्सी मात्र वाट पाहत नाही. ढिगाऱ्यात ते स्वतःच तापतं, तापलं की आणखी वेगाने घट्ट होतं, कधी धुरकटतं. मिसळताच जमिनीवर ओतून पसरावं. मे महिन्यात तर थोडं थोडंच मिसळावं.

*

पावसाळ्यात लेप का नको, याचा हिशेब: हवा 26 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दव साधारण 24 अंशांना धरतं. नियम असा की जमीन त्याहून किमान 3 अंश उबदार हवी, म्हणजे 27. सावलीतली जमीन ऑगस्टात तेवढी नसते. अशा हवेत अमाइन हार्डनर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणासारखा चिकट थर आणतो. तो न धुता दुसरा हात दिला तर दोन हातांमध्ये पापुद्रा सुटतो.

कडाक्याची थंडीही नको. निफाडकडे पारा एक आकडी होतो, त्या रात्री बहुतेक एपॉक्सी जवळपास थांबूनच राहतं.

*

उघड्या हाताने रेझिन हाताळणारी पोरं पाहिली की जीव कळवळतो. एकदा त्वचेला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोडा स्पर्शही पुरतो, आणि कायमचा धंदा बदलावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे लागतात. थिनरने हात धुणं तर घातकच, साबण-पाणी वापरावं.

*

चालायला एक दिवस, गाड्या आत घ्यायला सात. गरम टायर कोवळ्या लेपाला उचलून नेतो. साइड स्टँडच्या टोकाखाली रबराचा तुकडा ठेवावा. ब्रेक ऑइल आणि बॅटरीचं ॲसिड सांडताच पुसावं. वेल्डिंगचा कोपरा कोराच ठेवावा. वॉशिंगजवळ लेपात बारीक क्वार्ट्झ वाळू घालून घ्यावी, नाहीतर ओल्या जमिनीवर माणूस घसरतो.

*

कोटेशनवर जाडी लिहून घ्यावी, नुसतं ‘एपॉक्सी’ नव्हे. द्रावक नसलेल्या मालाचं गणित सोपं आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर जाडीला 1 लिटर. 40 चौरस मीटरच्या गॅरेजला 2 मिलिमीटर म्हणजे 80 लिटर. वाळू घातलेल्या थरांत रेझिन कमी लागतं, तेही स्वतंत्र लिहून घ्यावं. काम सुरू होण्याआधी डबे मोजावेत.