किफायतीची दुर्बीण

शिकारीच्या रायफलीवर बसवावयाची दुर्बीण निवडताना माणूस आपल्या खिशाचा विचार करतो, हौसेचा करतो, दुकानदाराच्या शब्दाचाही करतो. परंतु ज्या प्राण्याच्या जिवाशी ह्या साऱ्या व्यवहाराची गाठ पडलेली असते, तो एकदा हिशेबात आला म्हणजे खर्च कुठे करावा आणि हात कुठे आखडावा, ह्याची सगळी मांडणीच बदलून जाते. जनावर जखमी होऊन रानात तडफडत फिरू नये, एका गोळीत त्याचा अंत व्हावा, हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य होय; त्या कर्तव्याला जेवढे लागेल तेवढे निःसंकोच खर्चावे आणि त्यापलीकडचे राखून ठेवावे, ह्या सूत्राने मी माझी दुर्बीण घेतली, आणि त्या खरेदीचा अनुभव सविस्तर सांगण्याजोगा आहे, असे मला वाटते.

माझे वास्तव्य अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ मुलखात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला आळा बसला आणि ते सर्वथा उचितच झाले. परंतु इथली स्थिती निराळी आहे. राज्याच्या ह्या भागात हरणांवर अंकुश ठेवणारी श्वापदे फारशी उरलेली नाहीत, पांढऱ्या शेपटीची हरणे मका, सोयाबीन आणि लसूणघास ह्यांवर पोसून उदंड वाढली आहेत, आणि २००२ साली त्यांच्यात मेंदू झिजविणारा असाध्य रोग आढळल्यापासून त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याची निकड अधिकच जाणवू लागली आहे. म्हणून नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस, परवानाधारकांना बंदुकीने शिकार करण्याची मुभा असते. परवान्याची फी वन्यजीवांच्याच संगोपनाकडे जाते, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये रायफली व काडतुसे ह्यांवर बसणारा ११ टक्के अबकारी करही त्याच कामी लागतो. १९७३ च्या आरंभापासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यापूर्वी शिकारीचे रीतसर शिक्षण घ्यावे लागते; ते मी घेतले, आणि पुढच्या पायामागे, हृदय व फुप्फुसे जिथे असतात तेवढ्याच जागी नेम धरावयाचा, नाहीतर चापाला बोट लावावयाचे नाही, हा तिथला पाठ माझ्या मनावर कायमचा कोरला गेला.

माझी रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची, एका वृद्ध शेजाऱ्याकडून घेतलेली. उघड्या माशीने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि सावज अशा तीन निरनिराळ्या अंतरांवरच्या वस्तू डोळ्याला एका रेषेत आणाव्या लागतात, आणि पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्याला ते अंधूक प्रकाशात साधत नाही. दुर्बिणीत मात्र फुलीच्या तारा आणि सावज एकाच प्रतलात, सारख्याच स्पष्टतेने उभे राहतात. तेव्हा दुर्बीण घ्यावी हे निश्चित झाले, आणि दुर्बीण, ती धरणाऱ्या कड्या व सरावाची काडतुसे मिळून पाचशे डॉलरांपलीकडे जावयाचे नाही, अशी मर्यादा मी घालून घेतली.

दुकानात गेल्यावर पहिली भुरळ पडते ती मोठ्या आकड्यांची. काचेच्या कपाटातून विक्रेत्याने प्रथम काढली ती ६-२४ × ५० ची, म्हणजे वस्तू सहापासून चोवीसपट जवळ दाखविणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर असलेली लांबलचक दुर्बीण. तिचा भाव तिच्याहून साध्या दुर्बिणींइतकाच होता, आणि तेवढ्या पैशात इतके मोठे आकडे मिळतात हेच तिच्या स्तुतीचे सार होते. परंतु आमच्या रानात हरीण बहुधा शंभर वारांच्या आतच दिसते, फार तर मक्याच्या शेताच्या बांधावर दोनशे वारांवर. तिथे तीनपट दुर्बिणीतून शंभर वारांवर सुमारे ३३ फुटांचा पट्टा दिसतो, तर नऊपटीवर तो साडेतेरा फुटांच्या आसपास येतो. चोवीसपटीवर झाडीतून चालणारे हरीण शोधण्यातच वेळ निघून जावा. शिवाय पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची रुंदी मिळते: ५० ला २४ ने भागले तर जेमतेम दोन मिलिमीटर, आणि ४० ला ८ ने भागले तर पाच. तरुणपणी काळोखात सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी बाहुली माझ्या वयात पाचाच्या पलीकडे क्वचितच जाते. म्हणजे ३-९ × ४० ही साधी, जुनी, सर्वांच्या परिचयाची दुर्बीण मला अंधुक वेळी पुरेपूर प्रकाश देणार, आणि त्याहून मोठ्या भिंगासाठी मोजलेला पैसा बाहुलीबाहेरच सांडणार, हे गणित कागदावरच स्पष्ट झाले.

पण एकाच आकड्यांच्या दुर्बिणी शंभर डॉलरांपासून हजारापर्यंत असतात, त्यांत निवड कशी करावी? हा प्रश्न माझ्या त्या शेजाऱ्याने सोडविला. "दुकानातल्या दिव्याखाली सगळीच भिंगे चांगली दिसतात," ते म्हणाले, "सूर्य मावळेपर्यंत थांबा." दुकानदाराच्या अनुमतीने आम्ही तीन दुर्बिणी सुट्याच दुकानामागच्या आवारात नेल्या, एका लाकडी फळीवर टेकविल्या आणि तिन्ही सहापटीवर आणून समोरच्या स्प्रूस झाडांच्या रांगेकडे लावल्या. मावळतीचे तिरपे ऊन असेपर्यंत शंभर डॉलरांच्या दुर्बिणीत सर्व चित्रावर दुधाळ पडदा चढलेला दिसत होता. भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, लेप नसेल तर, सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, आणि वाया जाणारा हा प्रकाश नळीच्या आत भरकटला म्हणजे असाच पडदा धरतो. त्यावरचा उपाय म्हणून झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला ह्यांनी १९३५ साली भिंगावर सूक्ष्म लेप चढविण्याची युक्ती शोधली; आज तो लेप सर्वच कंपन्या देतात, परंतु किती पृष्ठभागांवर आणि किती थर देतात, ह्यात किमतीचा मोठा भाग दडलेला असतो. सूर्य बुडाल्यावर त्या स्वस्त दुर्बिणीतील केसासारख्या बारीक तारा झाडांच्या काळोखात पार दिसेनाशा झाल्या. तीनशे डॉलरांच्या दुर्बिणीत झाडांखालचे कुंपण, त्याच्या खांबाची साल आणि मध्याजवळ येऊन बारीक होणारी जाड दांड्यांची फुली ही सगळी कायम होती. हजार डॉलरांच्या युरोपीय दुर्बिणीत हेच चित्र आणखी काही मिनिटे टिकले, आणि त्या भिंगाची थोरवी मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

तरीही मी मधलीच घेतली, आणि त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकात होते. विस्कॉन्सिनमध्ये हरणावर गोळी झाडण्याची वेळ सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी संपते, आणि मधली दुर्बीण त्या घटकेनंतरही स्पष्ट दाखवीत होती. जर्मनीत चांदण्या रात्री उंच मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहण्याची परंपरा आहे. तिथल्या शिकाऱ्याने ८ × ५६ ची अवजड, महागडी दुर्बीण घेणे हीच खरी काटकसर ठरते, कारण त्याच्या कामाची वेळच ती आहे. माझी बंदूक ज्या घटकेला रिकामी होऊन खांद्यावर जाते, त्या घटकेपलीकडच्या प्रकाशाचे मोल मी का द्यावे?

भिंगाइतकेच महत्त्व आतल्या यंत्ररचनेला. नळीत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरलेला असावा, म्हणजे थंडीत आतून दव धरत नाही. ओरेगनच्या ल्यूपोल्ड कंपनीने १९४७ च्या सुमारास ही पद्धत शिकारीच्या दुर्बिणीत रूढ केली. नेम सरकविण्याच्या चकतीची प्रत्येक कटकट शंभर वारांवर गोळीला पाव इंच हलविणारी असावी, आणि पुढे नेऊन तितकीच मागे आणली तर फुली पूर्वीच्याच जागी परतावी. हमीचा दस्तऐवजही नीट वाचावा. आमच्याच राज्यातील बार्नेवेल्डची व्हॉर्टेक्स कंपनी पावती नसली आणि दुर्बीण कितव्याही हातातली असली तरी आजन्म दुरुस्तीची हमी देते, आणि अशा हमीमुळे वापरलेली दुर्बीण घेणेही पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

कड्या स्वस्तातल्या घ्याव्यात असा मोह होतो. पण बार उडताना जो धक्का बसतो तो सारा त्याच सोसतात, म्हणून त्यांवर मी हात आखडला नाही. नळी कड्यांत बसवून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावयाची आणि डोळे उघडताच पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे सरकवावयाची. डोळा आणि भिंग ह्यांत साडेतीन इंचांचे अंतर राहिले पाहिजे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. फुली उभी-आडवी काटकोनात आणून शेजाऱ्यांनी जोर मोजणाऱ्या पेचकसाने कड्यांचे स्क्रू पंधरा ते अठरा इंच-पौंडांपर्यंत, तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. मग रायफलीचा बोल्ट काढून, बंदुकीच्या रिकाम्या नळीतून थेट आरपार पाहून लक्ष्य त्या नळीच्या मधोमध धरले आणि रायफल न हलविता फुली त्यावर आणली.

चांदमारीच्या मैदानावर आधी पंचवीस वारांवर नेम जमविला आणि नंतर शंभरावर गेलो. तीन गोळ्या दीड इंचाच्या आत पडल्या, परंतु मध्यापासून दीड इंच डावीकडे आणि दोन इंच खाली. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी शंभर वारांवर दोन इंच वर बसविली म्हणजे दोनशे वारांवर ती बरोबर नेमावर उतरते. तेव्हा वरच्या चकतीला सोळा आणि बाजूच्या चकतीला सहा कटकटी दिल्या, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबलो, आणि पुढच्या गोळ्या जिथे हव्या होत्या तिथेच लागल्या. उरलेल्या डॉलरांची काडतुसे घेऊन मी गुडघा टेकून, बसून, झाडाला टेकून सराव केला, कारण रानात कोणी मेज मांडून ठेवीत नाही.

त्या मोसमात मक्याच्या बांधावर आलेली मादी माझ्या गोळीने चार पावलांच्या आत पडली, आणि तिचे मांस हिवाळाभर दोन घरांना पुरले. ह्यात दुर्बिणीचा जितका वाटा होता तितकाच कड्यांचा, काडतुसांचा आणि सरावाचा. म्हणून नव्याने दुर्बीण घेणाऱ्याला माझे सांगणे असे की, आपले रान किती अंतर दाखविते आणि आपला कायदा किती उजेडापर्यंत परवानगी देतो हे आधी ठरवावे, भिंगे दिवेलागणीला बाहेर नेऊन पारखावी, आणि सगळी रक्कम दुर्बिणीवर न घालता निदान तिसरा हिस्सा कड्या व काडतुसे ह्यांसाठी वेगळा काढावा. शिवाय दर वर्षी मोसमापूर्वी कागदावर गोळ्या झाडून नेमाची खातरजमा करून घ्यावी, कारण गेल्या वर्षीच्या नेमावर भिस्त ठेवून जिवंत प्राण्यावर बार काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.