हे म्हणणे खरे नाही की...

मराठीच्या अध्यापकाचे कायद्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. कवितेतील मौन हा आमचा विषय, न्यायालयातील मौन हा वकिलांचा. परंतु गेली काही सत्रे शेजारच्या विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या शनिवारच्या चर्चेला मी जाऊन बसते आहे, आणि ही दोन मौने वाटतात तितकी एकमेकांपासून दूर नाहीत, अशी माझी खात्री होत चालली आहे.

निमित्त साधे होते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचेही नवे कायदे आले. जुने निकाल नव्या कलमांशी ताडून वाचावेत, असे विद्यार्थ्यांच्या मनात होते. मराठी परिभाषेसाठी कोणी हवे म्हणून मला बोलावणे आले. ही मुले बहुतेक तालुक्याच्या गावांतली. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा ऑगस्ट २०२४ चा निकाल असो की विवाहांतर्गत बलात्काराचा प्रश्न असो, ती हिरीरीने बोलतात. विशेष असे की, युक्तिवाद चढत गेला की त्यांची भाषा इंग्रजी होत जाते आणि राग आला की पुन्हा मराठी.

एका शनिवारी मथुरा प्रकरण वाचायला घेतले होते. आमच्या विदर्भातले हे प्रकरण. देशभर गाजलेले, आणि इकडच्या मुलांना मात्र पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींपुरते ठाऊक. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा हा आरोप. मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणले होते. जबान्या लिहून झाल्या, सोबतची माणसे बाहेर पडली, आणि तिला मात्र मागे थांबवून घेतले गेले. तिचे शब्द जिथे नुकतेच कागदावर उतरवले गेले होते, तिथेच काही वेळाने तिच्या शब्दांना काही किंमत उरली नाही.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुलीचा शब्द विश्वासार्ह मानला नाही. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी मुकाट्याने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणत एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचे तिचे म्हणणे पटण्यासारखे नव्हते, म्हणून प्रतिकार नव्हता. आणि प्रतिकार नव्हता म्हणून संमती होती, अशी ती विचारांची साखळी. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाला दिसू नये, हा त्या पत्राचा गाभा. पुढच्या वर्षी स्त्रिया ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत असा प्रसंग घडला, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरेल, अशी तरतूद आली.

चर्चेत दोन तट पडले. एका मुलाने आरोपीची बाजू धरली. तो म्हणाला, ‘‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील, हे आपण पहिल्या वर्षाला शिकलो ना? मग कायद्याने आधीच एक बाजू धरायची, हे न्यायाचे कसे?’’ प्रश्न उथळ नव्हता. उद्या खोट्या आरोपात सापडलेल्या गरिबाला हाच मुलगा लागणार आहे, असे मला वाटून गेले. दुसऱ्या बाजूने उत्तर आले : ठाण्याच्या चार भिंतींत सत्ता कोणाकडे होती, हे पाहिल्यावाचून दोघांना एकाच तागडीत तोलणे हाच पक्षपात.

वडशाकडची एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. देसाईगंजला तिच्याकडे वडसाच म्हणतात. ती म्हणाली, ‘‘मॅडम, तीन न्यायालयांनी तिच्याबद्दल एवढे लिहिले. ती नेमकी काय बोलली, कोणत्या शब्दांत बोलली, ते कुठे वाचायला मिळेल?’’

या प्रश्नाने चर्चा कलमांवरून भाषेवर आली. आपल्याकडे साक्ष कशी लिहितात, ते या मुलांना माहीत असते, कारण ती न्यायालयात जाऊन बसतात. महाराष्ट्रात १९९८ पासून कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. परंतु साक्षीपुराव्याची मराठी ही बोलण्याची मराठी नव्हे. साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. प्रश्न गळतो आणि उत्तराचे वाक्य होते. उलटतपासणीत वकील विचारतात, ‘तुम्ही ओरडला नाहीत, बरोबर?’ साक्षीदार मान हलवते किंवा ‘हो’ म्हणते. कागदावर येते : ‘हे म्हणणे खरे आहे की, मी ओरडले नाही.’ तिने नाकारले तर : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्याची अन्वयरचना लावून पाहिली. वाक्यातला ‘मी’ साक्षीदाराचा, म्हणणे वकिलाचे, भाषा लघुलेखकाची आणि खाली सही किंवा अंगठा पुन्हा तिचा. एका वाक्यात तीन माणसे बोलतात, आणि जिच्या नावावर ते वाक्य जमा होते तिने उच्चारलेला शब्द असतो फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’.

पुढे अपिलात हीच मराठी इंग्रजीत जाते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची भाषा संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार साधारणपणे इंग्रजी. म्हणजे घरात वेगळी बोली बोलणाऱ्या मुलीचा अनुभव आधी कचेरीच्या मराठीत, मग इंग्रजीत, आणि मग ‘पॅसिव्ह सबमिशन’सारख्या दोन शब्दांत. भाषांतरात काही तरी हरवते, हे आम्ही वर्गात सहज सांगतो. इथे जे हरवले त्यावर शिक्षा किंवा सुटका ठरत होती.

शब्दांचे हे ओझे आमच्या मराठीतही कमी नाही. ‘विनयभंग’ हा आपल्याकडे इतका रुळलेला शब्द की त्याचा विचारच होत नाही. भंग कशाचा झाला? विनयाचा. म्हणजे स्त्रीच्या देहाचा, इच्छेचा नव्हे. तिच्याकडून अपेक्षित असलेल्या एका गुणाचा. ‘अब्रू लुटली’मध्ये तर लुटीचा माल घराण्याचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध शब्दांची एक पुस्तिका काढली, तेव्हा मुलांनी मराठी शब्दांची अशीच यादी करायला घेतली. दोन पाने भरली आणि वाद सुरू झाला तो ‘पीडिता’वर. वडशाच्या मुलीला तो शब्द नको होता. ‘‘त्यात ती कायमची पीडिताच राहते,’’ ती म्हणाली.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले १९६७ मध्ये, या प्रकरणाच्या पाच वर्षे आधी. अभिरूप न्यायालयात लीला बेणारेला अखेर बोलायची संधी मिळते, आणि ती उभी राहते. भोवतालची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि तिचे दीर्घ स्वगत फक्त प्रेक्षकांना ऐकू येते. कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. हे नाटक मी अनेक वर्षे शिकवते. रंगतंत्र म्हणून त्या स्वगताची चर्चा आम्ही करतो. कायद्याच्या मुलांनी ते वाचले तेव्हा त्यांना ते तंत्र वाटलेच नाही. त्यांना ती न्यायालयाची रोजची कार्यपद्धती वाटली.

२०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली : ती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी, केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही. नव्या संहितेतही ती व्याख्या आहे. १९७६ मध्ये नागपुरात जे सांगितले गेले ते कायद्याच्या पुस्तकात यायला सदतीस वर्षे लागली. मात्र वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या पत्नीबाबत पतीला असलेला अपवाद त्याच कलमात कायम राहिला आहे. त्यावर मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. म्हणजे मौनाचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न उंबरठ्याच्या आत वेगळे उत्तर मागतो, असे अजून मानले जाते.

या चर्चांतून मुलांनी एक छोटी गोष्ट मनाशी धरली आहे. साक्षीतले प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी नोंदवण्याची मुभा न्यायाधीशांना कायद्यानेच दिली आहे. वकील झाल्यावर, साक्षीदार लहान असेल, घाबरलेली असेल किंवा तिची बोली वेगळी असेल तिथे तसा अर्ज करायचा, असे त्यांनी ठरवले आहे. आरोपीची बाजू धरणारा मुलगाही यात सामील आहे, कारण गळलेला प्रश्न आरोपीच्या साक्षीदारालाही तितकाच नडतो. न्यायालयांवरील कामाचा बोजा पाहता असे किती अर्ज मंजूर होतील, याविषयी त्यांच्या मनात भ्रम नाही.

निकालपत्रांच्या संग्रहात तो खटला एका आरोपी पोलिसाच्या नावाने लावलेला आहे. लोकांच्या स्मरणात तो तिच्या नावाने राहिला. तिचे नाव राहिले, तिच्यामुळे कायदा बदलला, तिचे बोलणे मात्र दोन भाषांच्या पलीकडे राहून गेले. साक्षीच्या कागदावर ‘हो’च्या आधी विचारलेला प्रश्नही उतरला, तर पुढच्या एखाद्या मुलीचे बोलणे तरी तिचे म्हणून वाचता येईल.