आजोबांसाठी जॅझचं तिकीट

कधीही न चाखलेल्या पदार्थाची पाककृती तुम्ही लिहिली आहे का? मी दोन वर्षं जवळपास तेच करतेय. मी कंटेंट रायटर आहे. भिलाईतल्या घरी बसून ‘या वीकेंडला मुंबईत जॅझ कुठे ऐकाल?’ अशा याद्या बनवते. तारीख, वेळ, ठिकाण, तिकीट आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘ही मंत्रमुग्ध करणारी संध्याकाळ चुकवू नका!’ त्यातली एकही संध्याकाळ मी स्वतः अनुभवलेली नाही.

एकदा आजोबांनी विचारलं, “काय लिहिते गं एवढं?” मी यादी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना ऐकायला कमी येतं, पण ‘जॅझ’ शब्द बरोबर पकडला. म्हणाले, “चिक चॉकलेट आहे का त्यात?”

मला वाटलं, एखादं आइस्क्रीम असेल!

मग शोधलं. चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक. ते संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक होते. 1951च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. भगवानदादांचा हा सिनेमा आजोबांनी लहानपणी नागपुरात पाहिला होता. भगवानदादांच्या नाचापेक्षा त्यांच्या लक्षात राहिला तो ट्रम्पेट. “पण समोर बसून कधी ऐकला नाही,” ते म्हणाले. “तू तरी ऐकला का?”

मी मान खाली घातली.

मोबाइलवर लावून दिलं, तर त्यांना नुसती खरखर ऐकू आली. वयानुसार कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. खर्जातले आवाज त्यामानाने जास्त काळ टिकतात, पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तेच नीट येत नाहीत. समोरच्या मैफलीत माणसाएवढा उंच डबल बास वाजतो, ड्रम वाजतो, तेव्हा तो आवाज छातीलाही जाणवतो म्हणे.

शिवाय जॅझ समोर बसूनच ऐकायची गोष्ट आहे. आपल्या ख्यालात बंदिश ठरलेली असते, पण ताना जागेवर सुचतात. इथेही तसंच. धून ठरलेली असते, मग एकेक वादक आपल्या मनाने ती फुलवतो आणि सगळे पुन्हा धुनेवर येतात. आज वाजलं, ते उद्या तसंच वाजणार नाही.

30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस. युनेस्कोने तो 2011 मध्ये जाहीर केला. त्या सुमारास मुंबईला जायचं मी ठरवलं. आई चिडली, “या वयात, एवढ्या उन्हात?” आजोबा शांतपणे म्हणाले, “पुढच्या वर्षीपर्यंत कान थांबतील का, सूनबाई?” आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने स्वतःच रेल्वेचं तिकीट काढायला सांगितलं.

तयारी करताना कळलं, माझ्या याद्यांमध्ये कामाचं किती सुटत होतं. तुम्हीही जाणार असाल तर एवढं विचारून घ्या. लिफ्ट आहे का? व्हीलचेअर आत नेता येते का? मुलांना प्रवेश आहे का? क्लबमधले कार्यक्रम बहुतेक रात्री उशिरा असतात आणि जिथे मद्य मिळतं तिथे वयाची अट असू शकते. कुटुंबासोबत जायचं तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएसारखं सभागृह सोयीचं. आणि एखाद्याचं वादन आवडलं तर मध्येच टाळ्या वाजवा. आपल्या बैठकीतल्या ‘वाहवा’सारखीच ती दाद असते.

या महिन्याच्या यादीतून मी ‘मंत्रमुग्ध’ काढून टाकलं. त्याऐवजी लिहिलं, ‘घरातल्या मोठ्यांनाही सोबत न्या.’

आजोबांनी श्रवणयंत्राच्या सेलची दोन पाकिटं आणून ठेवायला सांगितली आहेत. एक वापरायला आणि एक, ऐनवेळी दगा नको म्हणून.