भाग्यपत्रिका

रायपूरहून बिलासपूरकडे जाणारा रस्ता बिरगावजवळ आला की हवेला लोखंडाची चव येऊ लागते. उरला औद्योगिक वसाहत जवळ आल्याची ती खूण. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काजळी येथे छपरांवर, झाडांवर आणि दोरीवरच्या कपड्यांवर सारख्याच निष्ठेने उतरते. एका रोलिंग मिलच्या फाटकाशी वजनकाटा आहे आणि काट्याच्या खोलीत गेली तीस वर्षे एक मराठी गृहस्थ बसतात. मालट्रक भरलेला आला की एक आकडा, रिकामा परतला की दुसरा. दोहोंची वजाबाकी म्हणजे निव्वळ वजन. सारा कारखाना त्यांना कांटाबाबू म्हणतो. त्यांच्या टेबलाच्या खणात पावतीपुस्तकांच्या खाली एक जाड वही असते. तिचा कारखान्याशी काही संबंध नाही. पूर्व विभागीय आंतरविद्यापीठ महिला हॉकी स्पर्धेचे भाकीत तीत मांडलेले असते: मानांकन कोणाला मिळेल, भाग्यपत्रिकेत कोण कोणासमोर पडेल, आणि रायपूरच्या वाट्याला काय येईल.

हा छंद या मातीला परका नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविणारे लेस्ली क्लॉडियस १९२७ साली बिलासपूरला जन्मले. भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषविणाऱ्या सबा अंजुम दुर्गच्या. राजनांदगावला तर लोक हॉकीची नर्सरीच म्हणतात. कांटाबाबूंचे आजोबा मध्यप्रांताच्या काळात नोकरीनिमित्त नागपूरहून रायपूरला आले. १९४६ साली सागर विद्यापीठ निघेपर्यंत रायपूरच्या महाविद्यालयातील मुले नागपूर विद्यापीठाची परीक्षा देत. पुढे १९६४ मध्ये रायपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, २००० मध्ये स्वतःचे राज्य. घराण्याची एक शाखा नागपूरला राहिली, एक येथे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला दोन्ही शाखा भेटतात तेव्हा नागपूरकर थट्टेने म्हणतात, की तुम्ही आता पूर्वेकडचे झालात.

थट्टा असली तरी हॉकीपुरती ती शब्दशः खरी आहे. भारतीय विद्यापीठ संघाने खेळासाठी देशाचे चार विभाग पाडले आहेत. महाराष्ट्र पश्चिम विभागात मोडतो, छत्तीसगड पूर्व विभागात. नकाशावरची ही रेघ कारकुनी दिसते; पण हॉकी खेळणाऱ्या मुलीच्या आयुष्यातून ती आरपार जाते. पूर्व विभाग म्हणजे ओडिशाचा सुंदरगड आणि झारखंडचे सिमडेगा व खुंटी. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व करणारे जयपालसिंह मुंडा खुंटीच्याच मुलखातले. तेथे पोरे चालायला लागली की बांबूची काठी हाती घेतात. रांची आणि संबलपूर या विद्यापीठांच्या पाठीशी असा अख्खा मुलूख उभा असतो. प्रत्येक विभागातून अखिल भारतीय स्पर्धेला जाणार चारच संघ. पश्चिमेतले चार आणि पूर्वेतले चार कागदावर सारखेच चार. काट्यावर ते सारखे भरत नाहीत, असे कांटाबाबूंचे ठाम मत आहे.

आता भाग्यपत्रिकेची रीत. शेवटचे चार संघ उरेपर्यंत सामने बाद पद्धतीने होतात आणि मग त्या चारांची साखळी. समजा २७ संघांनी नावे दिली. २७ च्या पुढची दोनाच्या घातातली संख्या ३२. म्हणून ५ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. वरच्या अर्ध्यात १४ संघ, खालच्या अर्ध्यात १३. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला. हेच चार कोपरे मानांकित संघांचे. एरवी बळकट असलेल्या संघाला वर विश्रांतीही मिळते, यात अन्याय आहे असे कोणाला वाटेल. पण मानांकनाचा हेतूच मुळी बलाढ्यांनी एकमेकांना लवकर मारू नये हा आहे. दुबळ्यांनी कोणाच्या हातून मरावे, ते चिठ्ठी ठरविते.

खरी गंमत पुढेच आहे. मानांकन मिळते ते गेल्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना. ज्या मुलींनी ते यश मिळविले त्यांतल्या कित्येक मधल्या काळात पदवी घेऊन निघून गेलेल्या असतात, कोणाला रेल्वेत नोकरी लागलेली असते, कोणी पोलीस दलात गेलेली असते. मानांकन मात्र विद्यापीठाच्या नावाला चिकटून राहते. भरलेल्या ट्रकची पावती दाखवून रिकामा ट्रक फाटकातून जावा तसे. कांटाबाबूंचे भाकीत म्हणजे या पावत्यांची फेरतपासणी. वर्षभर ते वर्तमानपत्रांतून रेल्वेच्या आणि राज्यांच्या संघांच्या याद्या कापून ठेवतात. त्यांत विद्यापीठाकडून खेळलेले नाव दिसले की वहीतल्या त्या विद्यापीठाच्या पानावर एक रेघ मारतात. ज्या पानावर रेघा जास्त, ते मानांकन पोकळ. रायपूरने त्या कोपऱ्यात पडावे. मग उपांत्यपूर्व फेरीत आशेला जागा आहे.

मिनेसोटात शिकणाऱ्या पुतण्याने त्यांना तिकडची तऱ्हा कळविली तेव्हा ते थक्क झाले. तेथे महाविद्यालयीन हॉकी बर्फावर चालते. पुरुषांच्या साठाहून अधिक संघांतून सोळांची निवड होते. सहा जागा सहा गटांच्या विजेत्यांच्या, उरलेल्या दहा गुणांकनाने. प्रतिस्पर्धी किती बळाचे होते, त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी किती बळाचे होते, हे सारे त्या हिशेबात येते, आणि हिशेबाची रीत सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे समितीने नावे जाहीर करण्यापूर्वीच घरोघरचे गणिती यादी बरोबर सांगतात. एका गटाचे दोन संघ पहिल्याच फेरीत भिडू नयेत, यजमान संघ आपल्याच गावी खेळावा, एवढ्यापुरतीच अदलाबदल. चालू मोसमाचे वजन चालू मोसमातच करायचे ही कल्पना त्यांना फार आवडली. पुतण्याला मात्र त्यांनी लिहिले, की इतके सगळे आधीच ठाऊक असेल तर चिठ्ठी उचलताना छातीत काय होते ते तुमच्या मुलांना कधी कळणार?

त्यांच्या या बोलण्याला २०१५ चा आधार होता. त्या वर्षी रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल मैदानावर वर्ल्ड हॉकी लीगची अंतिम स्पर्धा झाली. साखळीत भारताने एकही सामना जिंकला नाही. परंतु साखळीचा उपयोग उपांत्यपूर्व फेरीच्या जोड्या ठरविण्यापुरताच होता. तळाच्या भारताने ग्रेट ब्रिटनला २-१ ने हरविले, बेल्जियमकडून हार पत्करली आणि ६ डिसेंबरला नेदरलँड्सशी ५-५ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये कांस्यपदक घेतले. बाप-लेक दोघेही त्या संध्याकाळी प्रेक्षकांत होती. लेक तेव्हा शाळकरी होती. घरी परतताना तिने सांगितले, मी फुलबॅक होणार.

ती झालीही. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा पंचविसाची; तिचे हे शेवटचे वर्ष. क्रीडा कोट्यातल्या नोकरीच्या अर्जाला अखिल भारतीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राने जे वजन येते ते विभागीय स्पर्धेने येत नाही. म्हणून त्या वर्षी वहीची पाने दुप्पट झाली. जेवताना ते कोपऱ्यांविषयी बोलत आणि ती म्हणे, "बाबा, पत्रिका आल्यावर बघू ना."

"आल्यावर सगळेच बघतात गं."

पत्रिका आली. रायपूर त्यांनी रेघा मारलेल्या, पोकळ ठरविलेल्या कोपऱ्यातच पडले होते. कांटाबाबूंनी काट्याच्या खोलीतच आनंदाने टेबलावर थाप मारली आणि रांगेतल्या चालकाला वाटले, वजनात काही घोळ झाला. त्याच संध्याकाळी सराव शिबिर संपून रायपूरची निवड यादी लागली. लेकीचे नाव राखिवांत होते. तिच्या जागी निवडलेली मुलगी जशपूरकडची, चार वर्षांनी लहान, पायांनी चपळ; निवड चुकली असे म्हणायला जागा नव्हती. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची पाने भरणाऱ्या त्या वहीत रायपूरच्या स्वतःच्या संघासाठी एकही पान नव्हते, हे बापाच्या तेव्हा ध्यानात आले.

रात्री त्यांनी वही खणातून घरी आणली होती, पण उघडली नाही. लेकीनेच ती मागून घेतली. त्या कोपऱ्यातल्या मानांकित संघाचे पान काढले. पेनल्टी कॉर्नरला चेंडू कोण ढकलते, कोणती मुलगी डावीकडून आत शिरते, कोण जुनी उरली आहे, असे बारीक अक्षरात भरलेले ते पान होते.

"हे मी तिला देऊ?"

"तिला मराठी वाचता येईल का?"

"मी वाचून दाखवीन. हिंदीत."

त्यांनी पट्टी ठेवून पान नीट फाडून दिले. तिने त्याची चौघडी केली आणि पहाटे शिबिराला जाणाऱ्या मैत्रिणीच्या घरी नेऊन दिली. परतताना उरल्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. सहाची पाळी सुरू व्हायची होती.